मदत, पण परतफेडीच्या बोलीवर

तोक्यो आणि ओसाका यांना जोडणारी नवी, भरधाव रेल्वे बांधायची कल्पना शिंजी सोगो यांनी मांडली, तेव्हा जपानमधल्या बहुतेक शहाण्या माणसांना ती उधळपट्टी वाटली होती. जग मोटारी आणि विमानांकडे चाललंय, आता रेल्वेवर कोण पैसा घालतं? सोगो तेव्हा जपानी राष्ट्रीय रेल्वेचे अध्यक्ष होते आणि सरकारी कारभार कसा चालतो हे पुरतं ओळखून होते. संसद बिचकू नये म्हणून त्यांनी खर्चाचा आकडा मुद्दाम कमी दाखवला. मग सरकारने मधेच माघार घेऊ नये म्हणून त्यांनी दुसरी तजवीज केली. या रेल्वेसाठी जपानने जागतिक बँकेचं कर्ज काढलं. एकदा आंतरराष्ट्रीय करारावर सही झाली की उद्याचं मंत्रिमंडळ प्रकल्प गुंडाळू शकणार नव्हतं. मे १९६१ मध्ये ८ कोटी डॉलरचं कर्ज मंजूर झालं, पावणेसहा टक्के व्याजाने. खर्च अंदाजाच्या जवळजवळ दुप्पट झाला, सोगो यांना पद सोडावं लागलं, आणि १ ऑक्टोबर १९६४ रोजी ही रेल्वे, म्हणजे शिंकान्सेन, धावली.

त्या काळात जागतिक बँकेच्या कर्जदारांत पहिला नंबर भारताचा होता आणि दुसरा जपानचा. १९५३ ते १९६६ या काळात जपानने बँकेकडून ३१ कर्जं घेतली. धरणं, पोलाद कारखाने, द्रुतगती महामार्ग आणि कालवे अशी ती यादी आहे. शेवटचा हप्ता फिटला जुलै १९९० मध्ये. गंमत अशी की त्याच्या आदल्याच वर्षी, १९८९ मध्ये, जपानने अमेरिकेला मागे टाकलं होतं आणि तो जगातला सगळ्यात मोठा मदतदार देश बनला होता. एका हाताने जुनं कर्ज फेडणं आणि दुसऱ्या हाताने जगाला कर्ज वाटणं, दोन्ही एकाच वेळी चालू होतं.

कर्ज वाटणं हा शब्द इथे जाणूनबुजून वापरला आहे. परदेशी मदत म्हटलं की धान्याची पोती, औषधांच्या पेट्या आणि तंबू डोळ्यांसमोर येतात. पण ‘अधिकृत विकास साहाय्य’ या सरकारी नावाखाली फुकट दिलेलं अनुदान येतं, तसंच बाजारापेक्षा बऱ्याच स्वस्त व्याजाने दिलेलं कर्जही येतं. युरोपातल्या बहुतेक देशांचा भर अनुदानावर राहिला, जपानचा कर्जावर. त्याचं समर्थन जपानी अधिकारी वर्षानुवर्षं एकाच पद्धतीने करत आले आहेत: परत करायचा पैसा माणूस जपून वापरतो, आम्हीही तसेच वर आलो. यात तथ्य आहे, आणि सोयही आहे. कारण परत येणारा पैसा पुन्हा दुसऱ्याला देता येतो, आणि जपानी करदात्याच्या खिशाला फारसा हात लागत नाही.

सुरुवात मुळात मदत म्हणून झालीच नव्हती. दुसऱ्या महायुद्धात जपानने ज्या देशांची धूळधाण केली, त्यांना नुकसानभरपाई देणं भाग होतं. १९५५ मध्ये ब्रह्मदेश, १९५६ मध्ये फिलिपिन्स, १९५८ मध्ये इंडोनेशिया, १९५९ मध्ये दक्षिण व्हिएतनाम. ही भरपाई रोख दिली गेली नाही. ती जपानी यंत्रं, जपानी जहाजं आणि जपानी अभियंते यांच्या रूपात दिली गेली. ब्रह्मदेशातलं बालूचाउंग जलविद्युत केंद्र असंच उभं राहिलं. भरपाई फिटत होती, जपानी कारखान्यांना काम मिळत होतं, आणि ज्या देशांत जपानचं नाव काढलं तरी माणसं चिडत, तिथल्या बाजारात जपानी माल पुन्हा शिरत होता. पुढच्या साठ-सत्तर वर्षांच्या मदतधोरणाचा साचा इथेच पडला.

भारताने जपानकडे भरपाई मागितली नाही. कदाचित म्हणूनच जपानचं पहिलं येन-कर्ज भारताच्या वाट्याला आलं. १९५७ मध्ये पंतप्रधान किशी दिल्लीला येऊन गेले, नेहरू तोक्योला जाऊन आले, आणि १९५८ मध्ये दुसऱ्या पंचवार्षिक योजनेसाठी १,८०० कोटी येनचं कर्ज ठरलं. त्या काळात जपानची खरी भूक लोहखनिजाची होती. पोलाद कारखाने धडाडत होते आणि देशात खनिज जवळपास नव्हतंच. पोर्तुगीज अमलाखालच्या गोव्यातलं लोहखनिज पन्नाशीच्या दशकाच्या सुरुवातीलाच जपानला जाऊ लागलं होतं, आणि खाणींत यंत्रं आणण्यासाठी जपानी भांडवलही आलं होतं. पुढे आजच्या छत्तीसगडमधल्या बैलाडिलाच्या खाणीही जपानी गरजेवरच उभ्या राहिल्या. मदत आणि खरेदी यांच्यामधली रेघ तेव्हा फारच पुसट होती, आणि ती लपवायची कोणाला गरजही वाटत नव्हती.

१९७३ च्या तेलटंचाईने जपानची झोप उडवली. अरब देशांकडे मदतीचा ओघ सुरू झाला. आग्नेय आशियात जपानी मालावर बहिष्काराच्या घोषणा होत होत्या. १९७४ च्या जानेवारीत पंतप्रधान तानाका जाकार्ताला गेले तेव्हा तिथे दंगल उसळली. १९७७ मध्ये पंतप्रधान फुकुदा यांनी मनिलात नवं धोरण जाहीर केलं: जपान लष्करी सत्ता होणार नाही, शेजाऱ्यांशी मनापासूनचं नातं जोडेल. लगोलग मदत दुप्पट करायच्या योजना आल्या. त्यानंतर वीस वर्षं आकडा वाढतच गेला. १९९१ पासून २००० पर्यंत सलग दहा वर्षं जपान जगात पहिला होता.

याच काळात बदनामीही वाट्याला आली. १९८६ मध्ये फिलिपिन्सचे राष्ट्राध्यक्ष मार्कोस देश सोडून पळाले. हवाईत सापडलेल्या त्यांच्या कागदपत्रांतून उघड झालं की येन-कर्जावर चाललेल्या प्रकल्पांमध्ये जपानी कंपन्या त्यांच्या माणसांना दलाली चारत होत्या. जपानचा नियम होता की मदत हवी असेल तर समोरच्या देशानेच प्रकल्प सुचवावा, आपण लादायचा नाही. ऐकायला हे छान. प्रत्यक्षात तो प्रस्ताव बऱ्याचदा जपानी व्यापारी कंपनी किंवा सल्लागारच लिहून देत, आणि त्या देशाचं मंत्रालय त्यावर शिक्का मारून तोक्योला पाठवत असे.

नर्मदेची गोष्ट महाराष्ट्राला जवळची. सरदार सरोवर प्रकल्पाच्या टर्बाइनसाठी १९८५ मध्ये जपानने कर्ज दिलं होतं, आणि टर्बाइन अर्थात जपानी कंपन्यांची होती. धरणाच्या फुगवट्याखाली अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांतली, म्हणजे तेव्हाच्या धुळे आणि आजच्या नंदुरबार जिल्ह्यातली, ३३ गावं येत होती. नर्मदा बचाव आंदोलनाने जपानमधल्या पर्यावरण संघटनांशी संधान बांधलं. मेधा पाटकर १९९० मध्ये तोक्योत जाऊन तिथल्या लोकांसमोर बोलल्या. त्याच वर्षी जपानने पुढचा पैसा थांबवला. याच प्रकल्पाला कर्ज देणाऱ्या जागतिक बँकेने फेरतपासणीसाठी मोर्स समिती नेमली, तिचा अहवाल आला आणि भारताने बँकेचं उरलेलं कर्ज सोडून दिलं, हे सगळं त्याच्या नंतरचं. नर्मदाकाठच्या मणिबेली गावातल्या आदिवासींचा आवाज सगळ्यात आधी ऐकला तो तोक्योने, ही गोष्ट आज फारशी सांगितली जात नाही. धरण थांबलं नाही हेही खरं.

१९९१ च्या आखाती युद्धात जपानला वेगळाच फटका बसला. सैन्य पाठवायला राज्यघटना आडवी येत होती, म्हणून जपानने युद्धखर्चासाठी १३ अब्ज डॉलर मोजले. युद्ध संपल्यावर कुवेतने अमेरिकी वर्तमानपत्रांत जाहिरात देऊन मदत करणाऱ्या देशांचे आभार मानले. त्या यादीत जपानचं नाव नव्हतं. एवढे पैसे देऊन साधे आभारही नाहीत, ही सल जपानी राजकारण्यांच्या मनात आजही आहे. १९९२ मध्ये जपानने मदतीची पहिली सनद लिहिली आणि त्यात तत्त्वं घातली: पर्यावरण जपा, लष्करी वापर नको, अण्वस्त्रं आणि क्षेपणास्त्रांवर लक्ष ठेवा. त्यातलं शेवटचं तत्त्व भारताला मे १९९८ मध्ये भोवलं. पोखरणच्या चाचण्यांनंतर जपानने नवी कर्जं गोठवली, आणि ती बंदी उठली ऑक्टोबर २००१ मध्ये.

तोवर जपानचीच दशा फिरली होती. शेअर बाजाराचा आणि जमिनींच्या भावांचा फुगा १९९० नंतर फुटला होता, बँका अडचणीत होत्या, लोकसंख्या म्हातारी होत चालली होती. सरकारच्या मुख्य अंदाजपत्रकातली परदेशी मदतीची तरतूद १९९७ मध्ये शिखरावर होती, १ लाख १६ हजार ८७० कोटी येन. त्यानंतर ती बरीच वर्षं कापली जात राहिली. २०२४-२५ मध्ये ती ५६,५०० कोटी येनच्या घरात होती, म्हणजे निम्म्याहूनही कमी.

आणि तरीही २०२३ मध्ये जपान जगातला तिसऱ्या क्रमांकाचा मदतदार होता. अंदाजपत्रक निम्म्यावर आणि क्रमांक तिसरा, हे जमलं कसं? उत्तर पुन्हा कर्जात आहे. कर्जाचा बराचसा पैसा मुख्य अंदाजपत्रकाबाहेरून येतो: सरकारी गुंतवणूक निधीतून आणि जुन्या कर्जदारांनी फेडलेल्या हप्त्यांतून. शिवाय २०१८ पासून श्रीमंत देशांच्या संघटनेने, म्हणजे ओईसीडीने, मोजायची पद्धतच बदलली. आधी वर्षभरात दिलेल्या पैशातून परत आलेले हप्ते वजा करत. दहा-वीस वर्षांपूर्वी वाटलेल्या कर्जाची परतफेड येऊ लागली की जपानचा आकडा आपोआप लहान दिसे. नव्या पद्धतीत नव्या कर्जात खरी सवलत किती आहे ते मोजतात आणि तेवढाच भाग मदत म्हणून धरतात. नातलगाला बँकेपेक्षा कमी व्याजाने पैसे दिले, तर वाचलेलं व्याज तेवढी आपली मदत, असा हा हिशेब. २०१८ साली जुन्या पद्धतीने जपानचा आकडा १० अब्ज डॉलरच्या आसपास भरला असता. नव्या पद्धतीने तो १४ अब्जांवर गेला. एक पैसाही जास्त न देता!

२०२३ मध्ये जपानचा आकडा १९.६ अब्ज डॉलर होता आणि २०२४ मध्ये १६.८ अब्जांवर आला. या घसरणीत येन स्वस्त झाल्याचाही वाटा आहे, कारण जग मोजतं डॉलरमध्ये. तरीही राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.३९ टक्के एवढंच हे प्रमाण. संयुक्त राष्ट्रांनी १९७० मध्ये श्रीमंत देशांना ०.७ टक्क्यांचं लक्ष्य दिलं होतं. जपानने ते एकदाही गाठलेलं नाही, अगदी पहिल्या क्रमांकावर असतानाही नाही. आता जपानची घसरगुंडी झाली असं म्हणावं, तर बाकीचे कुठे वर चढताहेत? २०२४ मध्ये जगातली एकूण मदत सात टक्क्यांनी घटली. ब्रिटनने २०२७ पर्यंत ०.३ टक्क्यांवर येण्याचं जाहीर केलं आहे, आणि अमेरिकेने तर मदत देणारी युसेड ही संस्थाच १ जुलै २०२५ पासून मोडीत काढली.

कर्ज देण्याच्या या धोरणाचा एक मोठा लाभार्थी कोण होता? चीन. १९७९ मध्ये पंतप्रधान ओहिरा बीजिंगला गेले आणि तिथून सुरू झालेली येन-कर्जं सव्वातीन लाख कोटी येनच्या पुढे गेली. बीजिंगचा विमानतळ, बंदरं, रेल्वेमार्ग अशा कामांत हा पैसा मुरला. २००८ च्या ऑलिंपिकच्या सुमाराला नवी कर्जं थांबली आणि मार्च २०२२ मध्ये उरलीसुरली मदतही संपली. तोवर चीन स्वतःच आशिया-आफ्रिकेत कर्ज वाटत होता, तेही जपानपेक्षा झपाट्याने. जपानकडून तो काय शिकला यावर ग्रंथ होतील. पायाभूत सुविधांसाठी कर्ज द्यायचं, काम आपल्या कंपन्यांना मिळवून द्यायचं आणि शक्य असेल तिथे खनिजं घ्यायची, हा धडा त्याने आधी कर्जदाराच्या बाकावर बसून गिरवला होता एवढं नक्की.

चीन बाजूला होत गेला आणि जागा घेतली भारताने. २००३ च्या आर्थिक वर्षापासून भारत येन-कर्जाचा सर्वांत मोठा ग्राहक झाला. त्याच वर्षी भारताने छोट्या देशांची मदत नको म्हणून सांगितलं होतं, पण ज्या मोजक्या देशांची मदत ठेवली त्यांत जपान होता. दिल्ली मेट्रोने वाट मोकळी केली. नंतर मुंबईच्या आसपास या कर्जाची एवढी कामं झाली की रोज लाखो माणसं त्यांवरून ये-जा करतात आणि बहुतेकांना त्याची कल्पनाही नसते. आरे ते कफ परेड ही भुयारी मेट्रो-३ जपानच्या ‘जायका’ या संस्थेच्या कर्जावर बांधली गेली. तिचा शेवटचा टप्पा ऑक्टोबर २०२५ मध्ये खुला झाला. शिवडी ते न्हावाशेवा हा २१.८ किलोमीटरचा अटल सेतूही तसाच. जेएनपीटी ते दादरी या मालवाहू रेल्वेमार्गामागे जपानी पैसा आहे. अजिंठा-वेरूळची पर्यटन केंद्रंही त्याच खात्यातली. लेण्यांच्या प्रतिकृती असलेली ही केंद्रं २०१३ मध्ये थाटात सुरू झाली आणि काही वर्षांत वीज-पाण्याची बिलं थकल्यामुळे बंद पडली. सावकार सापडला तरी रोजचा खर्च कोण करणार, हा आपल्याकडचा जुनाच प्रश्न.

अहमदाबाद-मुंबई बुलेट ट्रेनचं कर्ज तर या सगळ्यांचा कळस. २०१७ मध्ये पायाभरणी झाली तेव्हा ५०८ किलोमीटरच्या या मार्गाचा अंदाजे खर्च १ लाख ८ हजार कोटी रुपये होता. त्यातले ८८ हजार कोटी जपान देणार, ०.१ टक्का व्याजाने, ५० वर्षांसाठी, आणि पहिली १५ वर्षं मुद्दल फेडायची नाही. ८८ हजार कोटींवर वर्षाला ८८ कोटी व्याज! शिंकान्सेनसाठी जपानने स्वतः पावणेसहा टक्के भरले होते, ते इथे आठवावं. सरकारने हे कर्ज जवळपास फुकट असल्याचं सांगितलं आणि विरोधकांनी ते फसवं असल्याचं. दोघांनीही दोन बाबी जरा मोघमच ठेवल्या.

एक, अट. जपानने २००२ पासून काही कर्जांना खास कलम लावलं आहे: मुख्य ठेकेदार जपानी असावा किंवा भागीदारीत जपानी कंपनीचा पुढाकार असावा, आणि किमान ३० टक्के माल-सेवा जपानमधून घ्यावी. मालवाहू रेल्वेमार्गाचं कर्ज याच कलमाखालचं. बाजारात स्पर्धा कमी झाली की किंमत चढते, म्हणजे व्याजात सुटलेला पैसा निविदेत जाऊ शकतो. दुसरी बाब चलनाची. परतफेड येनमध्ये करायची आहे, आणि पन्नास वर्षांत येन कुठे जाईल हे कुणी सांगू शकत नाही. १९८५ मध्ये एका डॉलरला साधारण २४० येन मिळत. १९९५ च्या एप्रिलमध्ये ८० च्या आसपास. ज्यांची कमाई डॉलरमध्ये होती त्या इंडोनेशियासारख्या कर्जदारांचं देणं काही न करता कितीतरी पटींनी फुगलं. त्यापुढे व्याजदराची टक्केवारी किरकोळ ठरली. पालघरच्या गावांत या गाडीला विरोध झाला तो अर्थात व्याजामुळे नव्हे, जमिनीमुळे.

कर्जाच्या करारात न लिहिलेली किंमतही कधी मोजावी लागते. १ जुलै २०१६ च्या रात्री ढाक्याच्या होली आर्टिझन बेकरीत अतिरेक्यांनी हल्ला केला. मेलेल्यांत सात जपानी होते, ढाका मेट्रोच्या जायका प्रकल्पावर काम करणारे. तोक्योने काम सोडलं नाही. डिसेंबर २०२२ मध्ये मेट्रो धावू लागली.

हल्ली तोक्योत मदतीची भाषा बदलते आहे. २०१५ मध्ये पंतप्रधान आबे यांच्या सरकारने सनद नव्याने लिहिली तेव्हा ‘राष्ट्रहित’ हा शब्द तिच्यात उघडपणे आला. आधीही हित पाहिलं जातच होतं, पण ते सनदेत लिहायला संकोच वाटे. २०२३ च्या सनदेने समोरच्याच्या प्रस्तावाची वाट पाहणंही मागे टाकलं. आता जपान स्वतः आपल्या सोयीचे प्रकल्प पुढे करतो. त्याच वर्षी लष्करी साहाय्याचं वेगळं खातं उघडलं गेलं. फिलिपिन्सला किनाऱ्यावरची रडारं, बांगलादेशला गस्तीच्या बोटी. पहिल्या वर्षी २०० कोटी येन, दोन वर्षांनी ८१० कोटी. मूळ मदतीपुढे हा आकडा चिमुकला आहे, पण १९९२ ची सनद लिहिणाऱ्यांनी तो कल्पिलाही नसता. यामागे चीन आहे हे कुणी लपवत नाही. एकेकाळी तेल, खनिज आणि बाजार यांच्या काळजीने ठरणारी मदत आता समुद्राच्या काळजीने ठरते.

घरात मात्र नाराजी वाढते आहे. महागाई, घसरलेला येन, वाढते कर, आणि सरकार पैसे बाहेर पाठवतंय! जुलै २०२५ च्या वरिष्ठ सभागृहाच्या निवडणुकीत ‘जपानी आधी’ म्हणणाऱ्या सान्सेइतो पक्षाने मुसंडी मारली. पुढच्याच महिन्यात योकोहामात आफ्रिका परिषद भरली, आणि जायकाने चार जपानी शहरांना चार आफ्रिकी देशांचं ‘माहेरघर’ ठरवलं: किसाराझू नायजेरियाचं, नागाई टांझानियाचं, सांजो घानाचं, इमाबारी मोझांबिकचं. हेतू साधा होता, शाळाशाळांत ओळख वाढवायची, तरुणांच्या भेटी घडवायच्या. नायजेरियाच्या सरकारने पत्रकात लिहिलं की त्यांच्या तरुणांना किसाराझूत काम करण्यासाठी खास व्हिसा मिळणार. मग अफवेला पाय फुटले. शहरं आफ्रिकेला देऊन टाकली, लोंढे येणार, अशा बातम्या समाजमाध्यमांवर पसरल्या. नायजेरियाने पत्रक मागे घेतलं, तरी नगरपालिकांचे फोन थांबेनात आणि जायकाच्या कचेरीसमोर संस्था बंद करा म्हणून निदर्शनं झाली.

२५ सप्टेंबर २०२५ रोजी जायकाने तो उपक्रम मागे घेतला. या सगळ्या गदारोळात पैशाचा मुद्दा नव्हताच. त्या योजनेसाठी कुणाला कर्ज द्यायचं नव्हतं, अनुदानही नव्हतं.